नाशिकहून एका दिवसात: जुन्या गिरणीत आणि छापखान्यात भरलेली आजची कला कशी पाहावी

नाशिककरांना चित्रप्रदर्शन काही नवीन नाही. शिवाजी तुपे यांच्या जलरंगातला गोदाघाट पाहत आपण वाढलो. कुसुमाग्रज स्मारकात एखादं प्रदर्शन लागलं की संध्याकाळी सहज फिरायला आलेली माणसंही आत डोकावून जातात. जहांगीर आर्ट गॅलरीही बऱ्याच जणांनी पाहिलेली असते. पाय अडखळतो तो समकालीन कलेच्या गॅलरीपाशी, त्यातही ती एखाद्या जुन्या गिरणीत नाहीतर छापखान्यात असली तर. तिकीट कुठे काढायचं, आत कोणी हटकेल का, समोर चित्राऐवजी लोखंडाचे तुकडे टांगलेले दिसले तर काय करायचं, हे विचारायला कोणी भेटत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो. ज्यांच्या घरात कोणी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ओझरच्या एचएएलमध्ये किंवा सातपूर-अंबडच्या कंपनीत काम केलंय, त्यांना या इमारती कलाशाखेच्या पदवीधरापेक्षा जास्त कळतात. यंत्र कुठे बसतं, उजेड कुठून लागतो, माल कुठून आत येतो हे त्यांच्या नजरेत मुरलेलं असतं. ती नजर घरी ठेवून जाऊ नका.

१. आधी जागा ठरवा, आणि दोनच ठरवा

मुंबईत गिरण्यांच्या नावाने ओळखली जाणारी आवारं भरपूर आहेत, पण बहुतेकांमध्ये आज मॉल, ऑफिसं आणि हॉटेलं आहेत. कला पाहायची असेल तर एका दिवसाला या दोन जागा पुरतात.

पहिली भायखळ्याची. राणीच्या बागेजवळ डॉ. आंबेडकर मार्गावर ग्रेट ईस्टर्न मिलचं आवार आहे. गिरणी एकोणिसाव्या शतकातली. तिच्या जुन्या बांधकामात आता नाइन फिश ही गॅलरी आहे, आणि त्याच आवारात फर्निचरचं एक मोठं दालनही आहे.

दुसरी कुलाब्याची. फायर ब्रिगेडजवळ, नारायण सावंत रोडवर बीएमपी बिल्डिंगमध्ये प्रोजेक्ट ८८ आहे. जुन्या छापखान्याच्या जागेत २००६ साली ही गॅलरी सुरू झाली. जागा जवळपास चार हजार चौरस फुटांची, त्यामुळे मोठी मांडणशिल्पंही (वस्तू जागेत मांडून, टांगून केलेली कामं) इथे मोकळेपणाने लागतात.

या दोघींच्या मध्ये वेळ उरला तर राणीच्या बागेच्या आवाराला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते कारखान्यात नाही, १८७२ सालापासून संग्रहालयच आहे. पण मोठ्या दुरुस्तीनंतर २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं, आणि तेव्हापासून तिथे जुन्या वस्तूंच्या शेजारी आजच्या कलाकारांची कामंही मांडली जातात. नवख्या माणसाला हा शेजार फार उपयोगी पडतो.

दोन्ही गॅलऱ्यांना प्रवेश फुकट आहे, तिकीट नाही. संग्रहालयाला मात्र तिकीट आहे.

२. दिवस नीट निवडा. फेरी वाया जाते ती इथेच

आपल्याकडे प्रदर्शन म्हटलं की रविवार डोळ्यांपुढे येतो. मुंबईतल्या खासगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद असतात, आणि काही सोमवारीही. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि राणीची बाग बुधवारी बंद. म्हणजे उरले मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. कंपनीत शनिवारची सुटी असेल तर उत्तमच.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावेपर्यंत गॅलरी बंद असते. भिंती रंगवणं, दिवे बदलणं, मांडणी उभी करणं यात आठवडा-दोन आठवडे सहज जातात. बाहेरच्या पाटीवरची वेळ बरोबर असते, वारही बरोबर असतो, आणि आत मात्र शिड्या आणि रंगाचे डबे असतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करून दोनच प्रश्न विचारा: “सध्या प्रदर्शन सुरू आहे का? कधीपर्यंत आहे?” मराठीत विचारलं तरी चालतं. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस टाळा, कधीकधी दुपारीच आवराआवर सुरू होते.

गॅलऱ्या सकाळी साधारण अकराला उघडतात, त्यामुळे नाशिकहून पहाटे निघून नऊ वाजता दारात उभं राहण्यात अर्थ नाही.

३. बरोबर काय घ्यायचं

- ओळखपत्र. रेल्वेच्या आरक्षणासाठी लागतंच, आणि गिरणीच्या फाटकावर वहीत नाव लिहायला सांगितलं तर तिथेही कामी येतं.
- जाता-येताचं आरक्षण. दोन्ही एकदमच काढा.
- छोटी वही आणि पेन्सिल. शाईचं पेन कलाकृतीजवळ नेलेलं बऱ्याच ठिकाणी चालत नाही.
- खांद्याला अडकवायची लहान पिशवी. पाठीवरची मोठी सॅक वळताना मागच्या वस्तूला लागते, ती टेबलापाशी ठेवून घेतात.
- झिजलेले, सवयीचे बूट किंवा चपला. दिवसभर सिमेंटच्या जमिनीवर उभं राहायचं असतं.
- एसी सोसत नसेल तर ओढणी किंवा पातळ शाल.
- जून ते सप्टेंबरात छत्री, आणि ओली छत्री घालायला प्लास्टिकची पिशवी.

कपड्यांचा विचार करण्यात वेळ घालवू नका. जे रोज घालता तेच घाला. डबा न्यायचा तर जरूर न्या, पण गॅलरीत खाणंपिणं चालत नाही. पाण्याची बाटलीही पिशवीतच ठेवा.

४. पंचवटीने जा, दादरला उतरा

सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. शनिवारचं जायचं असेल तर उशीर करू नका. मासिक पासवाल्यांचे डबे वेगळे असतात, तिथे रिकामी जागा दिसली म्हणून बसू नका, पुढच्या स्टेशनवर उठावं लागतं.

सीएसएमटीपर्यंत न जाता दादरला उतरा आणि मध्य रेल्वेची सीएसएमटीकडे जाणारी धिमी लोकल घ्या. लोकलचं तिकीट स्टेशनवरच्या एटीव्हीएम मशीनवर निघतं. जलद लोकलही भायखळ्याला थांबते, तरीही मी धिमी सांगतो आहे, कारण परळ, करी रोड, चिंचपोकळी ही स्टेशनं लागतात ती गिरणगावातली. दारापाशी उभं राहून बाहेर पाहा. टॉवरांच्या मधून कुठे एखादी विटांची चिमणी अजून दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात इथले सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यातले बरेच परत साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या यंत्रावर, उभे राहिले नाहीत. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली. गॅलरीत शिरण्याआधी एवढं ठाऊक असलं की ती जागा रिकामी का झाली हा प्रश्न आपोआप मनात राहतो, आणि तो राहायलाच हवा.

भायखळ्याला उतरल्यावर स्टेशनच बघा जरा. मुंबईतल्या सगळ्यांत जुन्या स्टेशनांपैकी हे एक, आणि त्याच्या जीर्णोद्धाराला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. मग पूर्वेला बाहेर पडून ‘राणीची बाग’ विचारा.

५. फाटक, वॉचमन आणि बंद दार

गिरणीच्या आवारात शिरताना फाटकावर वॉचमन विचारणारच. तो अडवायला विचारत नाही, आवारात दुकानं-ऑफिसं बरीच असतात म्हणून विचारतो. नुसतं ‘आत जायचंय’ म्हणू नका. “गॅलरी बघायला आलोय, नाइन फिश,” असं नाव घेऊन सांगा. नाहीतर तो तुम्हाला फर्निचरच्या दालनाकडे पाठवेल. मोबाईलवरचा नकाशा अशा जुन्या आवारात बाहेरच्या रस्त्यापर्यंतच कामाचा, आतली वाट माणसालाच विचारा.

गॅलरीचं दार बंद असेल. एसी असतो म्हणून ते नेहमीच बंद असतं. हँडल ओढा, नाही उघडलं तर बेल वाजवा. आत टेबलामागे बसलेली व्यक्ती मान वर करून हसेल किंवा हसणारही नाही, काम करत राहील. त्यात अपमान काही नाही. बघणाऱ्याला एकटं सोडायची तिथली रीतच आहे. ‘नमस्कार’ म्हणा, टेबलावर प्रदर्शनाचा कागद ठेवलेला असतो तो उचला, घडी घालून खिशात ठेवा. लगेच वाचू नका. का ते पुढे सांगतो.

६. आधी इमारत वाचा

पहिली दहा मिनिटं कलाकृतींना द्यायची नाहीत. वर बघायचं.

कापड गिरणीच्या शेडचं छप्पर बहुधा करवतीच्या दात्यांसारखं असतं. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती आणि कौलांची किंवा पत्र्याची, दुसरी जवळजवळ उभी आणि काचेची. काचेची बाजू उत्तरेला ठेवत. सूर्य आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखा, सावल्या न पाडणारा उजेड येतो. सुताचा तुटलेला धागा आणि कापडातली चूक दिसायला हाच उजेड लागतो. चित्रकारही स्टुडिओसाठी पूर्वीपासून उत्तरेची खिडकीच मागत आले आहेत. मुंबईत मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, म्हणजे शून्य सावलीच्या दोन दिवसांच्या मधल्या काळात, दुपारचा सूर्य उत्तरेला कलतो, पण तेव्हा बराच काळ आभाळच भरलेलं असतं.

गॅलरीत गेल्यावर हा उजेड दिसेलच असं नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी कागद खराब होतो आणि रंग उडतात म्हणून पुष्कळ ठिकाणी जुन्या काचा आतून झाकतात आणि दिवे लावतात. झाकलेली काच शोधा. तशीच खोटी भिंतही शोधा. पांढरीशुभ्र, गुळगुळीत भिंत ही बहुधा प्लायची किंवा जिप्समची, चित्रं टांगायला नंतर उभी केलेली असते. तिच्या कडेला जाऊन पाहिलं तर मागे दोन-चार इंचांची फट दिसते, आणि फटीच्या पलीकडे मूळची जाड विटांची भिंत.

मग खांब. जुन्या गिरण्यांत ते बिडाचे, गोल, वर थोडे निमुळते होत गेलेले असतात. अशाच एका पुन्हा उभ्या केलेल्या गिरणीत माझे मामा बरोबर होते. ते नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, आयुष्य यंत्रांच्या देखभालीत गेलेलं. आम्ही सगळे एका मोठ्या कापडी मांडणशिल्पापुढे उभे असताना मामा खांबापाशी थांबले. खांबाला डोक्याच्या बराच वर एक लोखंडी कान होता, दोन बोल्टची भोकं असलेला, त्यावर रंगाचे थरावर थर. त्यांनी हात न लावता बोट वर करून पुढच्या खांबावरचा, मग त्याच्या पुढच्या खांबावरचा तसाच कान दाखवला. सगळे एका रेषेत. “इथून शाफ्ट जात असणार,” ते म्हणाले. “एका टोकाला इंजिन, वरून शाफ्ट फिरतो, आणि खाली प्रत्येक साच्याला पट्टा.” मग त्यांनी जमीन पाहिली. सिमेंटचा रंग ठरावीक अंतरावर चौकोनात बदलला होता आणि चौकोनाच्या कोपऱ्यांत जमिनीच्या पातळीला कापून घासलेले बोल्ट चमकत होते. साचे जिथे बसले होते त्या जागा. त्यानंतर आम्ही ते मांडणशिल्प पुन्हा पाहिलं. कापडाच्या पट्ट्या त्याच चौकोनांच्या बरोबर वर टांगलेल्या होत्या. कलाकाराने जमीन वाचली होती. कागदावर तसं एका ओळीनेही लिहिलेलं नव्हतं.

तुम्हीही एवढंच करा: छप्पर, खांब, जमीन, भिंतीवर बुजवलेल्या खिडक्या, माल आत घ्यायचं मोठं दार. छापखाना असेल तर तळमजला आणि जमिनीची मजबुती पाहा. छपाई यंत्रं जड आणि थरथरणारी, ती वरच्या मजल्यावर सहसा नेत नसत. नाशिकरोडला १९२५ पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ पासून करन्सी नोट प्रेस आहे. त्या आवारात काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, उलट त्यालाच बरोबर न्या.

आणखी एक फरक अंगाला जाणवतो. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून गिरणीत खिडक्या लावून घेत आणि हवा मुद्दाम दमट ठेवत. कामगार त्या दमटपणात पाळीभर घामेजून उभा असे. आज त्याच शेडमध्ये कागद-कॅनव्हास टिकावेत म्हणून एसीने दमटपणा काढून टाकलेला असतो.

७. मग कलाकृती: तीनच निवडा

पूर्ण दालनात एकदा भरभर फिरून या. मग ज्या तीन कामांपाशी पाय रेंगाळले तिथेच परत जा. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. बाकीची सोडून दिली तरी काही बिघडत नाही.

निवडलेल्या कामापुढे आधी पाटी न वाचता उभे राहा आणि स्वतःला साधे प्रश्न विचारा. हे कशाचं बनलंय? किती जड असेल? हे दुसऱ्या खोलीत ठेवलं तर असंच दिसेल का? मागे काय आहे? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण मांडणशिल्पाला पुष्कळदा मागची बाजूही असते आणि नवखी माणसं समोरूनच परततात. आतून चालत जायचं आहे की बाहेरूनच बघायचं, हे कळलं नाही तर विचारा.

व्हिडिओ असेल तर पाटीवर तो किती मिनिटांचा आहे ते बघा. तो सतत फिरत असतो, तुम्ही मधेच पोचता. एकदा संपून पुन्हा सुरू होऊन तुम्ही आलात त्या जागेपर्यंत येईस्तोवर बसा. बाक त्यासाठीच ठेवलेला असतो.

आता पाटी. वरून खाली बहुधा हा क्रम असतो: कलाकाराचं नाव, कामाचं नाव, साल, माध्यम, मापं. ‘मिश्र माध्यम’ म्हणजे अनेक वस्तू एकत्र. ‘मापं जागेनुसार’ असं असेल तर ते काम दर ठिकाणी वेगळं मांडलं जातं, म्हणजे तुमच्यापुढची मांडणी या इमारतीसाठी केलेली आहे. इमारत आधी वाचल्याचा उपयोग इथे होतो. छायाचित्र किंवा व्हिडिओखाली ३/५ असा अपूर्णांक दिसला तर एकूण पाच प्रती काढल्यात आणि ही तिसरी आहे.

खिशातला कागद आता काढा. तो बहुधा इंग्रजीत आणि अवघड असतो. सगळा समजून घ्यायचा हट्ट सोडा. त्यातून तीनच गोष्टी उचला: कलाकार कुठला, साहित्य कुठून आणलं, आणि काम कोणत्या घटनेशी किंवा जागेशी जोडलेलं आहे. हा कागद आधी वाचला तर डोळे फक्त त्यात लिहिलेलंच शोधत बसतात, म्हणून तो शेवटी.

घरून निघण्यापूर्वी दोन-तीन कलाकारांची कामं मोबाईलवर पाहून ठेवलीत तर फार सोपं जातं. कुठल्याही नावापासून सुरुवात करता येते, पण मी ही सुचवीन. प्रभाकर पाचपुते, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, कोळसा खाणीत काम करणाऱ्या घरातले. त्यांची कोळशाने थेट भिंतीवर काढलेली मोठी चित्रं पाहा. माणसाच्या डोक्याच्या जागी खाणीतलं अवजार किंवा दिवा येतो. अमोल के. पाटील, आजोबा पोवाडे रचणारे आणि वडील नाटकं लिहिणारे. चाळ आणि कष्टकऱ्यांचं शरीर हे त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येतं. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांचं काम होतं, आणि प्रोजेक्ट ८८ शी ते जोडलेले आहेत. सुधीर पटवर्धन, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून अनेक वर्षं काम केलेले चित्रकार. लोकल, कामगार आणि बदलतं परळ त्यांच्या चित्रांत आहे, आणि गोदाघाटाच्या जलरंगांवरून येणाऱ्या नजरेला त्यांच्यापासून पुढचा रस्ता सापडतो.

८. विचारा: आधी पहारेकऱ्याला, मग टेबलापाशी

दालनात उभा असलेला पहारेकरी त्या कामांबरोबर महिना-दोन महिने दिवसभर असतो. कुठला आवाज कधी येतो, कोणती गोष्ट हळूहळू बदलते, लोक कुठे अडखळतात हे त्याला माहीत असतं. “काका, हे लावताना तुम्ही होतात का?” एवढं विचारा. पुष्कळदा तो मराठी बोलणाराच निघतो, आणि काम कसं उभं केलं, क्रेन आणली की शिड्या लावल्या, हे खुलून सांगतो. कागदात ही माहिती नसते.

टेबलापाशी तीन गोष्टी मागता येतात. एक, किमतींची यादी. किंमत विचारली म्हणजे घ्यावंच लागतं असं नाही. पाटीजवळ लाल टिकली असेल तर काम विकलं गेलंय. दोन, त्या कलाकाराचे जुने कॅटलॉग. ते तिथेच बसून चाळू देतात. तीन, इमारतीची माहिती. इथे पूर्वी काय बनत असे, कधी बंद पडलं, किती माणसं कामाला होती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा मिळतं, शेवटच्याचं क्वचित. तरी विचारत राहा. जुनी वीट आणि बिडाचा खांब जपणाऱ्यांनी त्या खांबाशेजारी उभ्या राहिलेल्या माणसांची नोंदही ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. आणि येणारे लोक विचारतात हे दिसलं तरच ती ठेवली जाईल.

९. हात, फोटो आणि मुलं

हात लावायचा नाही, अगदी जुन्या यंत्राचा भाग वाटला तरी. तो इमारतीचा आहे की कलाकृतीचा हे लांबून ठरवता येत नाही. फोटोसाठी विचारून घ्या. परवानगी बहुतेक मिळते, फ्लॅशला नाही. मुलांना जरूर न्या, पण तासाभराहून जास्त नको. त्यांना वही देऊन ‘छताचं चित्र काढ’ सांगा, ती रमतात.

१०. दुपार कुलाब्यात, आणि परतीच्या गाडीचं भान

भायखळ्यातून दीडच्या सुमारास निघा. बाहेर जेवून घ्या, लोकलने सीएसएमटीला या आणि तिथून टॅक्सीने ‘कुलाबा फायर ब्रिगेड’ सांगा. अंतर तीन-चार किलोमीटरच आहे. प्रोजेक्ट ८८ ची पाटी लहान आहे, बीएमपी बिल्डिंग विचारत जा. इथेही तोच क्रम: इमारत, तीन कामं, मग कागद.

तिथून ससून डॉक जवळ आहे. १८७५ सालच्या या मासळी बंदरातल्या गोदामात २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२२-२३ च्या हिवाळ्यात मोठी प्रदर्शनं भरली होती. मासे सोलणाऱ्या कोळणींच्या शेजारून वाट काढत लोक कलाकृतींकडे जात. असं काही पुन्हा लागलं तर त्याच्यासाठी वेगळा दिवस काढा, या फेरीत कोंबू नका.

परतीची पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाला सुटते. (वेळा बदलतात, तिकिटावरची वेळ खरी.) कुलाब्यातून पाचला निघालंच पाहिजे. संध्याकाळी रीगल सिनेमापासून फोर्टपर्यंत गाड्यांची रांग लागते आणि टॅक्सी जागची हलत नाही. भायखळा सकाळी आणि कुलाबा दुपारी हा क्रम उलटा करू नका असं म्हणतो ते याचसाठी. कुलाब्याहून सीएसएमटी त्यातल्या त्यात जवळ, आणि तिथे गाडी सुरुवातीपासून उभी असते, सावकाश बसता येतं. रात्री दहाच्या आसपास नाशिकरोड.

निघण्यापूर्वी दोन्हीकडच्या अभिप्राय वहीत नाव आणि ईमेल लिहून या, पुढच्या प्रदर्शनांची आमंत्रणं घरबसल्या येतात. उद्घाटनाचे कार्यक्रम संध्याकाळी सहानंतर असतात. ते पंचवटीने साधत नाहीत, मुक्काम करायची तयारी असेल तरच जा. त्या गर्दीत कलाकार भेटतो, काम मात्र नीट दिसत नाही. मुक्काम करणारच असाल तर जानेवारीतला मुंबई गॅलरी वीकेंड गाठा. त्या तीन-चार दिवसांत गॅलऱ्या रविवारीही उघड्या असतात, आणि बऱ्याच ठिकाणी कलाकार स्वतः कामं दाखवत फिरतात.